कदंबा चुकली तेव्हा झाड कोणाला आठवते?

म्हापशाच्या बसस्टँडवर रोज कोणीतरी धापा टाकत येतो, फलाटाकडे बघतो आणि म्हणतो, "कदंबा चुकली." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बस येते. पिवळसर चेंडूसारख्या फुलांचे कदंबाचे झाड कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. शब्द मुळात झाडाचा. झाडावरून तो राजघराण्याला मिळाला, त्या घराण्याने गोव्यावर शतकानुशतके राज्य केले. पुढे 1980 मध्ये सरकारी वाहतूक महामंडळ निघाले तेव्हा त्या घराण्याचे नाव बसला मिळाले. झाड, राजा, बस असा हा प्रवास. वाटेत झाड कुठे गळून पडले ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

माणसांच्या नावांचेही असेच होते. आशा, प्रकाश, वर्षा, सागर, अबोली, धोंडू, भिकू हे सगळे रोजच्या बोलण्यातले शब्द. ते नाव झाले की त्यांच्या अर्थाचे काय होते, हा प्रश्न भाषेच्या वर्गातला वाटतो. पण घरात बारसे असले की तोच घराघरात वादाला कारण होतो. कोणी म्हणते, "नावात काय आहे, हाक मारायला दोन अक्षरे पुरे." कोणी मोबाईल काढून अर्थ वाचून दाखवते. आजी म्हणते, देवाचे ठेवा. आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दर आठवड्याला कोणी ना कोणी आपले नाव बदलत असल्याची जाहिरात देत असते. अर्थाला किंमत नसती तर हा खटाटोप कोणी केला असता?

आधी मुळाक्षरे

शाळेत शिकलो होतो: नदी हे सामान्यनाम, मांडवी हे विशेषनाम. सामान्यनाम एका जातीच्या सगळ्या वस्तूंना लागते, विशेषनाम एकाच वस्तूला. सामान्यनाम काहीतरी सांगते, विशेषनाम फक्त दाखवते. 'दगड' म्हटले की कठीण, जड, निर्जीव असे गुण आपोआप मनात येतात. 'दगडू' म्हटले की पायरीवर बसून सुपारी कातरणारा एक विशिष्ट माणूस येतो. तो लोण्याइतका मऊ असला तरी त्याचे नाव चुकीचे ठरत नाही.

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांची मुळे उलगडणाऱ्या प्राचीन ग्रंथात, शाकटायन या वैयाकरणाचे मत दिले आहे की सगळी नामे क्रियापदांच्या मुळांतून निघतात. म्हणजे प्रत्येक नाव मुळात काहीतरी सांगत असते. त्याच ग्रंथात येणाऱ्या गार्ग्य या दुसऱ्या पंडिताला ते पटत नाही. तो विचारतो, वाट व्यापतो म्हणून घोड्याला 'अश्व' म्हणायचे असेल, तर वाट व्यापणाऱ्या प्रत्येकालाच अश्व म्हणावे लागेल. आज गार्ग्य असता तर त्याने आमच्या कदंबालाही अश्व ठरवून दाखवले असते. यास्क शाकटायनाच्या बाजूचा, पण त्याने गार्ग्याची हरकत गाळली नाही, हे मला त्या ग्रंथाचे मोठेपण वाटते.

व्याकरणाला आधी कळते

अर्थ सुटला की नाही हे कसे ओळखायचे? मराठीत त्याची चाचणी आपल्या जिभेवरच आहे. ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून बघा.

आशेने वाट पाहिली.
आशाने वाट पाहिली.

पहिल्या वाक्यात मनातली आशा आहे, दुसऱ्यात शेजारची आशा. फरक एका मात्रेचा. प्रत्यय लागण्याआधी शब्दाच्या शेवटात जो बदल होतो त्याला सामान्यरूप म्हणतात: घोडा, पण घोड्याला, शाळा, पण शाळेत. शब्दाचा अर्थ जिवंत असतो तोवर तो हा बदल मुकाट्याने सोसतो. तो नाव झाला की अंग चोरतो. प्रकाशाने डोळे दिपतात, प्रकाशने फोन केलेला असतो. आकाशाला गवसणी घालतात, आकाशला गणिताची शिकवणी लावतात. पूजेला फुले लागतात, पूजाला रिक्षा लागते.

देवाच्या रामाला आपण फूल वाहतो आणि मित्राच्या हाती निरोप देताना "रामला सांग" म्हणतो. पुराणातल्या सीतेने अग्निदिव्य केले, बँकेतल्या सीताने पासबुक भरून दिले. हे कोणी शिकवलेले नाही. उलट व्याकरणाच्या बाई 'सीताने' लिहिले तर लाल शाई वापरायच्या. जुन्या पिढीच्या लिखाणात उषेने, यमुनेला, शांतेचा अशीच रूपे सापडतात. म्हणजे तेव्हा नाव शब्दापासून पूर्ण सुटलेले नव्हते. आज सुटले आहे, आणि हा निकाल बोलणाऱ्यांनी परस्पर दिला आहे.

जुन्या लोकांची सुटका करण्याची रीत वेगळी होती. ते कोशातला शब्द जसाच्या तसा उचलत नसत, त्याला शेपूट लावत. दगडाचा दगडू, सोन्याचा सोनू, भिकेचा भिकाजी. शेपूट बघूनच कळायचे की ही वस्तू नाही, माणूस आहे. आपण ती शेपटे गावंढळ म्हणून छाटून टाकली आणि सागर, आकाश, किरण असे कोरे शब्द घेतले. मग ओळख पटवायला सामान्यरूपाचा नकार कामाला आला.

कधीकधी गोंधळ उरतोच. "वर्षाला दोन हजार द्यायचे आहेत" यात वर्ष आहे की वर्षा, हे हिशोब बघितल्याशिवाय सांगता येत नाही. ईकारान्त नावांना तर ही सोयच नाही. "अबोलीला पाणी दे" म्हटले तर परसातल्या झाडाला की खेळून आलेल्या मुलीला? माझ्या भाचीचे नाव अबोली. सकाळी सहाला तिची बडबड सुरू होते ती रात्री झोपेपर्यंत. गार्ग्याला यापेक्षा चांगला पुरावा मिळाला नसता.

धोंडू, भिकू, केरू: मुद्दाम ठेवलेली वाईट नावे

आपल्या प्रत्येक वाड्यावर एखादा भिकू असतो, निदान होता. धोंडू असतो, केरू असतो. थोडे वर गेले तर उकिर्डा हेही नाव सापडते. धोंडा, भीक, केर, उकिरडा. पोटच्या पोराला असली नावे कोण ठेवील?

ज्यांची आधीची मुले जगली नाहीत, ते. समजूत अशी की आधीची मुले चांगली दिसली, लाडाची झाली, म्हणून कोणाची तरी नजर लागली. मग पुढच्या मुलाला असे नाव द्यायचे की नेणाऱ्याला वाटावे, हा तर केर, हा नेऊन काय करायचे? ही फसवणूक नावापुरती नसे. पाच घरी भीक मागून आणलेल्या कापडाचे बाळाला अंगडे शिवत, तो भिकू. मुलाचे नाक टोचून त्याला मुलीचे रूप देत, तो नथू. सुपात घालून केरावर ठेवलेले बाळ शेजारणीने "मला सापडले" म्हणून उचलायचे आणि आईने तिच्याकडून मागून घ्यायचे, तो केरू. आंब्याच्या बागेत उत्तम कलमाच्या बुंध्याला फाटकी केरसुणी नाहीतर जुनी चप्पल टांगलेली असते ना, तसेच हे. झाड टाकाऊ म्हणून ती टांगत नाहीत.

ही युक्ती नवीनही नाही. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातल्या अजीगर्ताच्या तीन मुलांची नावे शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिन्हींचा अर्थ थोड्याफार फरकाने कुत्र्याचे शेपूट. त्या बापाने नेमक्या कोणत्या हेतूने ती ठेवली हे ग्रंथ सांगत नाही, पण वेदकाळातही नावे सगळीच गोड नव्हती एवढे नक्की.

धोंडूच्या बाबतीत आणखी एक धागा आहे. अधिक महिन्याला लोक धोंड्याचा महिना म्हणतात, आणि त्या महिन्यात जन्मला म्हणून धोंडू, असेही सांगतात. दोन्ही वाटा एकाच नावापाशी येतात. आणि नाव एकदा चिकटले की माणूस त्याला कुठे नेईल याचा नेम नाही. 1857 च्या उठावातले नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे आणि 1958 मध्ये शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालेले महर्षी कर्वे म्हणजे धोंडो केशव. त्यांनी काढलेल्या विद्यापीठात जाणाऱ्या मुलींपैकी कोणाला धोंडा आठवत असेल?

इथे शेपटांबद्दल एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. तोच धोंडा ब्राह्मणाघरी धोंडोपंत होई, कुळवाड्याघरी धोंडू आणि गावकुसाबाहेर धोंड्या. शब्द एक, अर्थ एक, पण शेवटचे अक्षर ठरवायचे कोणाला ओट्यावर बसायला सांगायचे आणि कोणाला अंगणात उभे करायचे. नावाचा अर्थ कोशात बघणाऱ्याला हा अर्थ कधीच सापडणार नाही.

"पण हा सगळा अडाणीपणाच ना?"

असे म्हणणे सोपे आहे. नजर लागण्यावर माझाही विश्वास नाही. पण त्या आईबापांच्या समोरचे आकडे बघा. नमुना नोंदणी पाहणीनुसार 1971 मध्येसुद्धा आपल्या देशात जन्मलेल्या दर 1,000 मुलांपैकी 129 पहिला वाढदिवस बघत नसत. म्हणजे साधारण आठात एक. त्याच्या आधीच्या पिढ्यांची स्थिती याहून वाईट. हाताशी लस नाही, जवळ डॉक्टर नाही. जे फुकट होते आणि आपल्या हातात होते ते नाव. ते त्यांनी वापरले.

2020 मध्ये हाच आकडा 28 वर आला. धोंडू, केरू, भिकू बारशातून नाहीसे झाले त्याचे श्रेय आपण शिक्षणाला आणि बदललेल्या आवडीला देतो. मी ते आधी लसीला, सुईणीच्या जागी आलेल्या नर्सला आणि मीठ-साखरेच्या पाण्याला देईन. मूल जगणार याची खात्री झाली तेव्हाच आईबापांना 'आरव' सुचू लागला.

नकोशी मात्र वेगळी

धोंडू आणि नकोशी ही दोन नावे अनेकदा एकाच माळेत ओवतात. ती चूक आहे. धोंडू हे खोटे नाव. मूल हवे आहे, जिवापाड हवे आहे, म्हणून दुनियेला खोटे सांगायचे. नकोशी किंवा नकुशी हे खरे नाव. मुलगी नको होती, झाली, आणि ते तिच्या तोंडावर सांगून टाकले.

नाव झाले की अर्थ गळतो हा नियम इथे लागू पडत नाही, कारण त्या मुलीला हाक मारणारा प्रत्येकजण तो अर्थ ताजा करत राहतो. कदंब झाडाला बसचा राग नसतो. नकुशीला मात्र शाळेतल्या हजेरीत रोज एकदा 'नको' ऐकून 'हजर' म्हणावे लागते. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींचा कार्यक्रम करून त्यांना नवी नावे देण्यात आली. काहींनी सिनेमातल्या नट्यांची नावे निवडली, काहींनी सावित्रीसारखी. बारशाला आपल्या मताचा काय उपयोग असतो? या मुलींनी दुसऱ्या बारशाला आपले नाव स्वतः निवडले.

तर नावाला अर्थ असतो का, याचे माझे उत्तर असे: असतो, पण कोणी ठेवले, कशासाठी ठेवले आणि ज्याला ठेवले त्याला ते कसे ऐकू येते, या तीन जागी. शब्दकोश ही चौथी जागा, आणि ती सगळ्यात कमी कामाची.

लोबो आणि लांडगे

गोव्यात राहून नावांवर बोलायचे आणि पोर्तुगीज आडनावे सोडायची हे शक्य नाही. "त्यांच्या आडनावांना अर्थच नाही, पाद्रीने दिली आणि चिकटली" असे आपल्यातले बरेचजण म्हणतात. यातला दुसरा भाग बराचसा खरा आहे. 1510 नंतरच्या धर्मांतरात बाप्तिस्मा देणाऱ्याचे किंवा साक्षीला उभ्या राहिलेल्याचे आडनाव नव्या कुटुंबाला मिळे. पहिला भाग मात्र साफ चूक.

लोबो म्हणजे लांडगा. कोएल्हो म्हणजे ससा, कोर्देरो म्हणजे कोकरू. परेरा हे नासपतीचे झाड, ऑलिव्हेरा ऑलिव्हचे, कार्व्हालो ओकचे (आपल्याकडच्या ओकांशी त्याचे काही नाते नाही, उगाच जोडायला जाऊ नका). सिल्वा म्हणजे रान, रिबेरो ओढा, कॉस्टा किनारा, रोशा खडक, मशादो कुऱ्हाड. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्स म्हणजे रॉड्रिगोचा.

आता आपली आडनावे शेजारी ठेवा: लांडगे, कोल्हे, ससाणे, खडके, कुऱ्हाडे. दोन समुद्रांच्या दोन टोकांना, एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या खेडुतांनी आडनावासाठी तीच वस्तू उचलली, जी रोज नजरेला पडत होती. बार्देसातल्या लोबोने लांडगा कधी पाहिलेला नाही. परेराच्या परसात माड आहे, आंबा आहे, फणस आहे, नासपती औषधालाही नाही. अर्थ पोर्तुगालात राहिला, आडनाव मांडवीकाठी आले.

ख्रिस्ती स्त्रियांच्या नावांतही हेच. एस्पेरान्सा म्हणजे आशा. पिएदाद म्हणजे दया. मिलाग्रीस म्हणजे चमत्कार. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात आणि तिच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. एस्पेरान्सा आणि आशा एकाच बाकावर बसून शिकल्या असतील, आपले नाव एकच आहे हे दोघींच्या गावीही नसेल.

गाव बुडाले, आडनाव राहिले

आपल्या बाजूला आडनावाचा साधा कारखाना म्हणजे 'कर'. गावाच्या पुढे लावला की झाले. दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर घेतले. त्याच मंगेशीत 1929 मध्ये जन्मलेल्या जितेंद्र अभिषेकींचे आडनाव मात्र देवावर अभिषेक करण्याच्या कामावरून आले. एकाच देवळाच्या सावलीत एक आडनाव जागेवरून, एक कामावरून.

सगळ्यात जास्त मला थांबवते ते गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचे नाव. कोकणीत मोग म्हणजे प्रेम, त्यामुळे गोव्याच्या कानाला त्यांच्या पहिल्याच अक्षरांत ओलावा लागतो. आणि कुर्डी? ते गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीला पाणी उतरले की देवळाचे दगड, घरांची जोती, विहिरींचे काठ वर येतात. विस्थापित लोक येऊन आपल्या घराची जागा शोधतात, पोरांना दाखवतात. पाऊस लागला की सगळे पुन्हा पाण्यात. वर्षाचे अकरा महिने कुर्डी हे गाव कोरडे असे फक्त त्या आडनावातच आहे.

म्हणूनच इथे आडनाव हा नाजूक विषय आहे. बाहेरून आलेला माणूस गोव्याचे आडनाव लावू लागला की गावकऱ्याला वाटते, याने आमचे गावच उचलले. नाव बदलण्यासाठी गोव्यात 1990 चा स्वतंत्र कायदा आहे. नुसती जाहिरात दिली आणि मनाला येईल ते आडनाव लावले, असे चालत नाही.

"शास्त्रात चांगल्या नावांची यादी असेल ना?"

यादी आहे, पण ती पाळाल तर पंचाईत होईल. मनुस्मृती सांगते की बाईचे नाव उच्चाराला सोपे, अर्थ स्पष्ट, मनाला गोड आणि शेवटी दीर्घ स्वराचे असावे. इथपर्यंत ठीक. पण लग्नाला मुलगी बघताना जिचे नाव नक्षत्राचे, झाडाचे, नदीचे, डोंगराचे किंवा पक्ष्याचे आहे ती टाळावी, असेही तीच म्हणते. म्हणजे रोहिणी गेली, रेवती गेली, गंगा, यमुना, गोदावरी, तुळशी, मैना सगळ्या बाद. आपल्या आज्या-पणज्यांची अर्धी पंगत उठली. लोकांनी हे वचन किती मनावर घेतले ते त्या आज्यांच्या नावांवरूनच कळते.

मोबाईलमधला अर्थ

आता उलटी गंगा आहे. पूर्वी शब्द आधी होता, तो नाव व्हायचा आणि अर्थ झिजायचा. आज आधी आवाज ठरतो: दोन-तीन अक्षरे, मध्ये एखादा 'य', शेवटी 'आंश' किंवा 'इका'. मग त्याला अर्थ शोधतात. रियांश, कियांश असली नावे संस्कृत कोशात उघडून बघा, सापडणार नाहीत. पण नावांच्या याद्यांत त्यांच्यापुढे 'विष्णूचा अंश' असे ठसठशीत छापलेले असते. बेकरीतल्या रिकाम्या पावात मागून क्रीम भरतात तसा हा मागून भरलेला अर्थ.

याला हसावे की नाही, मला ठरवता येत नाही. आईबापांना वेगळे नाव हवे असते, वर्गात दुसरे कोणाचे नसलेले. केरू ठेवणाऱ्यालाही मुलाला गर्दीतून बाजूला काढायचे होते. त्याला मृत्यूच्या नजरेतून काढायचे होते, यांना हजेरीपटाच्या. फक्त अर्थ बघून नाव ठेवल्याचा दावा करू नये, एवढेच. कानाला आवडले म्हणून ठेवले असे सांगायला कोणाची चोरी आहे?

अबोली, पुन्हा एकदा

मागच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो होतो, भाची बोट धरून. फुलवाल्यांच्या रांगेत एक मावशी पाटीत ओल्या पानांवर अबोलीच्या केशरी फात्या, म्हणजे गजरे, मांडून बसली होती. गिऱ्हाईक येताना दिसले तशी ती ओरडली, "अबोली! अबोली!"

भाची थांबली. तिने मागे वळून बघितले. बोलावणारी बाई ओळखीची नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होते.

"काय गो?" तिने विचारले.

मावशीने आधी तिच्याकडे बघितले, मग पाटीकडे, आणि एक फाती उचलून तिच्या वेणीत माळली. पैसे घेतले, पण अर्धेच.

"मामा," ती पुढे आल्यावर म्हणाली, "तिला माझे नाव कसे कळले?"

मी सांगायला लागलो, तोवर ती फरसाणाच्या दुकानाकडे वळली होती आणि तिचे बोलणे पुन्हा सुरू झाले होते.